साठ लिहिलेली बॅटरी

केशरमावशीच्या पातळाला भोकं असत. फाटलेली नव्हेत, जळालेली. ज्वारीच्या दाण्याएवढी, कडेला तांबूस. बॅटरीतलं ॲसिड सुती कापडावर उडालं की त्या वेळी काहीच दिसत नाही. कापड धुतलं की भोक पडतं. पालमच्या बाजारात एखादी भाजीवाली हमखास विचारायची, "केशरबाई, पातळ हाय का चाळणी?"

"चाळणीच हाय," मावशी म्हणायची. "येणाऱ्याजाणाऱ्याला चाळून घेते."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. शेळवाडीच्या आमच्या वस्तीत सगळेच तिला मावशी म्हणत. तिचा नवरा मुंजाजी खंदारे एसटीच्या आगारात बॅटऱ्यांचं काम करायचा. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या जाळपोळीत त्यांचं शेळवाडीतलं घर गेलं. मग दोघं पालमला आले आणि स्टँडमागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुंजाजीकाकानं सुट्टीच्या वेळात ट्रॅक्टरच्या, जीपच्या, लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायला सुरुवात केली. मावशी शेजारी बसून पाहायची. पाहता पाहता शिकली. त्र्याऐंशी साली काका काविळीनं गेला. जलदानविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मावशीनं शेडचं कुलूप काढलं. "बाईमाणूस करंटचं काम करणार?" असं लोक विचारत होते, तोवर तिनं दोन ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून परत पाठवलेल्यासुद्धा होत्या.

तिचं काम चोख होतं. बॅटरीत ती विहिरीचं पाणी कधी घालत नसे. आमच्या भागातलं पाणी खारट, ते शिशाच्या प्लेटा खातं. जनावरांच्या दवाखान्यात लसी ठेवायचा फ्रीज होता. त्यात साठलेलं बर्फ दर सोमवारी काढून टाकत. मावशी घागर घेऊन दारात उभी राहायची आणि ते वितळलेलं बर्फ गाळून बाटल्यांत भरायची. अक्षरं तिला जेमतेम लागत, आकडे मात्र पक्के.

मी एकदा तिला विचारलं होतं, बॅटरीवर साठ लिहितात ते काय असतं.

"हंडा हाय असं समज," ती म्हणाली. "साठ म्हंजी साठ तांबे पाणी. दिवा तासाला तीन तांबे पितो. मंग किती तास जळंल?"

"वीस."

"बस. एवढंच शास्त्र हाय. बाकी सगळी इमानदारी. दूध पातळ केलं तर जिभेला कळतंय. करंट कमी भरला तर कुणाला कळंल? माझ्या शब्दावरच माझं दुकान हाय."

हे तिचं बोलणं मला पुढं सारखं आठवत राहिलं, कारण चौकातल्या दुकानदार दिनकररावांनी हात घातला तो नेमका तिथंच.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. विजेचे खांब शेळवाडीच्या पारापर्यंत आले होते. पारापासून आमच्या वस्तीत यायला त्यांना आणखी काही वर्षं लागायची होती. त्या वर्षी वस्तीतून आम्ही आठजण दहावीला होतो, त्यांत पाच मुली. इतक्या मुली कधीच दहावीपर्यंत पोचल्या नव्हत्या. वस्तीतल्या तरुण मंडळाच्या भुजंगदादानं वर्गणी काढली आणि विहारात बॅटरीवरची ट्यूब लावायचं ठरलं. संध्याकाळी चार तास उजेड, आठवड्यातून एकदा सायकलवर बॅटरी पालमला न्यायची आणि भरून आणायची. बॅटरी निवडायला अर्थातच मावशीला बोलावलं.

दिनकररावांचं दुकान भर चौकात होतं. मोटारी, स्टार्टर, केबल, बॅटऱ्या. मावशीनं नवी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली आणि थांबली.

"हलकी लागायलीय," ती म्हणाली.

"नवी पद्धत हाय, केशर," दिनकरराव गादीवरून म्हणाले. त्यांनी तिला कधी बाई लावलं नाही. "शिसं कमी, ताकद तीच. लेबल बघ की. साठ. कंपनीचा शिक्का हाय."

मुंजाजीकाकाचा एक नियम होता. बॅटरी घेण्याआधी ती तोलायची. साठची बॅटरी वीस किलोच्या खाली भरली तर समजायचं, कुणीतरी शिसं खाल्लंय. शेजारीच धान्याची आडत होती. मावशी तिथल्या मापाड्याकडे, दत्तरावांकडे गेली.

"दाण्याचा काटा हाय, केशरबाई," दत्तराव खाली बघत म्हणाले. "त्याच्यावर आसलं काही चढवत न्हाई आमी."

त्याच काट्यावर खताची पोती, सरकीची ढेप, गंजके पत्रे चढताना सगळ्या पालमनं पाहिलं होतं. बॅटरी कोरडी होती, ॲसिड अजून भरलेलंही नव्हतं. 'आसलं' म्हणजे काय हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मावशी परत आली, लेबलाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि भुजंगदादाला म्हणाली, "घे."

ट्यूब तिसऱ्याच संध्याकाळी गेली. आधी दोन्ही टोकं काळवंडली, मधला उजेड थरथरला, मग काहीच उरलं नाही. बॅटरी पुन्हा भरून आणली, पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या खेपेलाही. ट्यूब तासाला दोन पिते. साठ भरले तर आठवडाभर चालायला हवी. भुजंगदादा दुकानात विचारायला गेला, तर दिनकरराव चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "माल कंपनीचा हाय. त्यो काय खोटा असतो व्हय? ती केशर अर्धाच करंट भरती, उरलेला दुसऱ्याला इकती. आन् तुमच्यातली पोरं टेप लावून नाचत असत्याल, नाव अभ्यासाचं."

ती चार गिऱ्हाइकं चार गावांना गेली. आठ दिवसांत मावशीच्या शेडमधली फळी रिकामी झाली. ट्रॅक्टरवाले आपल्या बॅटऱ्या गंगाखेडला न्यायला लागले. एकानं तर अर्धी भरलेली बॅटरी तशीच काढून नेली. "तुमच्यावर इस्वास हाय," तो म्हणाला, "पण लोक बोलायलेत."

मी तिला रडताना पाहिलं नाही. ती वस्तीत आली, विहारातल्या बंद ट्यूबखाली बसली आणि आम्हाला म्हणाली, "माझ्या हातानं मला सांगितलं व्हतं. मी हाताचं न्हाई ऐकलं, कागदाचं ऐकलं." मग तिचा आवाज चढला. "पण मी चोर न्हाई. बाजाराच्या दिवशी या समदे. त्याच्या दुकानाफुडं दाखविते."

बाजाराच्या आदल्या दिवशी ती हायस्कूलच्या बन्सीधर सरांकडे गेली. सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. त्यांनी हात जोडले. "मला यात ओढू नका, केशरबाई. दिनकरराव शाळेच्या समितीवर आहेत."

"तुमाला बोलायचं न्हाई, सर. निस्ता आकडा वाचायचाय. आकडा काय समितीवर न्हाई."

सर आले.

बाजाराच्या दिवशी पहाटे साडेपाचला मावशीनं चौकात बाज टाकली. बाजेवर दोन बॅटऱ्या मांडल्या. एक आमची, नवी. दुसरी तिची स्वतःची, सरकारी जीपमधून लिलावात निघालेली, चार वर्षं वापरलेली. तिच्यावरही साठच लिहिलेलं. दोन्ही तिनं रात्रभर एकाच चार्जरवर भरल्या होत्या. काचेच्या पिचकारीनं ती प्रत्येक खान्यातलं ॲसिड ओढत गेली आणि आत तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा सर मोठ्यानं वाचत गेले. बाराशे पन्नास. बाराशे पन्नास. बाराही खाने पूर्ण भरलेले. भुजंगदादानं आकडे खडूनं पाटीवर लिहिले. मग ठीक सहाला दोन्ही बॅटऱ्यांना मोटरसायकलचा एकेक दिवा जोडला, तासाला तीन पिणारा. मधे गजराचं घड्याळ.

"वीस तास जळाया पायजे," मावशी जमलेल्यांना म्हणाली. "वीस ऱ्हाऊ द्या, मी संध्याकाळपत्तोर मागते."

दिनकरराव नऊला आले, दुकान उघडलं आणि हसले. "केशर, दिवसाढवळ्या दिवे लावून बसलीस? कोण मेलं?"

"कळंल की दुपारी," ती म्हणाली.

ऊन वाढत गेलं. फेब्रुवारीचं असलं तरी ते पालमचं ऊन. दिव्यांचा उजेड त्यात दिसेनासा झाला, म्हणून मावशीनं दोन्ही दिव्यांवर पत्र्याचे डबे उपडे घातले आणि प्रत्येक डब्याला बघायला एक भोक पाडलं. बाजाराला आलेले लोक वाकून बघत. पोरांना खांद्यावर घेऊन बाया बघत. कुणी पैज लावत होतं. सर दर तासाला व्होल्टमीटरची सुई बघत. सुई साडेदहा व्होल्टच्या खाली गेली की बॅटरी रिकामी समजायची, हे मावशीनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एक वाजून वीस मिनिटांनी नवीच्या डब्यात फक्त लाल तार दिसत होती. सर वाकले, सुई बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"दहा पूर्णांक चार," ते म्हणाले. "सात तास वीस मिनिटं. म्हणजे बावीस."

"साठातले बावीस," मावशी म्हणाली. शेजारच्या डब्यात जुनी बॅटरी सकाळसारखीच जळत होती.

दिनकररावांनी तिला खुणेनं आत बोलावलं. ती गेली. आम्ही बाहेर थांबलो. पाचेक मिनिटांत ती बाहेर आली ती थेट बाजेवर उभी राहिली, अनवाणी, बॅटऱ्यांच्या मधोमध.

"ऐका," ती ओरडली. "हे म्हनायलेत, दुसरी देतो, खरी देतो, आत्ता घेऊन जा. पोरींची परीक्षा बारा दिवसांवर हाय, उजेड पायजे का न्हाई? निस्तं चारचौघांत म्हण, 'चार्जिंगमंदी माझी चूक झाली.'" ती वळली. "दिनकरराव, खरी येगळी हाय तर मंग ही कोण व्हती?"

कुणीतरी हसलं. दिनकरराव म्हणाले, "तोंड सांभाळून बोल."

"सांभाळूनच बोलले आठ दिस." ती आडतीकडे बघत म्हणाली, "दत्तराव, आता तरी काटा देता का?"

दत्तरावांनी आधी दिनकररावांकडे बघितलं. मग ते पोत्याच्या तोंडाची सुतळी आवळायला लागले. आवळलेलीच होती ती.

मावशी खाली उतरली आणि आमच्यासमोर आली. मी, रुख्मिणी, बाकीच्या मुली. आम्ही एकमेकींना चिकटून उभ्या होतो. आता तिचा आवाज अगदी साधा होता.

"पोरींनो, वस्तू तुमची हाय. आत काय हाय ते फोडूनच दिसंल. फोडली तर परत जुडायची न्हाई. न्हाई फोडली तर ते दुसरी देत्यालबी. तुमी सांगा."

आम्ही भुजंगदादाकडे बघितलं. तो म्हणाला, "तुमाला इचारलंय."

दुसरी बॅटरी घेतली तर आम्हाला उजेड मिळणार होता आणि मावशी चोर ठरणार होती. एवढं सरळ होतं ते. रुख्मिणी म्हणाली, "फोडा." मग आम्ही सगळ्याच म्हणालो.

तिनं ॲसिड मातीच्या कुंडीत ओतलं. ब्लो-लॅम्प पेटवून झाकणाभोवतीचं डांबर मऊ केलं आणि पकडीनं खान्यातला प्लेटांचा गठ्ठा वर ओढला. साठच्या बॅटरीत एका खान्यात नऊ प्लेटा असाव्या लागतात. वर आल्या त्या पाच. उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या ठोकून बसवलेल्या होत्या. दुसरा खाना ओढला, पाच. तिसरा, पाच. लाकूड ॲसिडनं काळं पडलं होतं. त्याचा कुजका वास चौकभर पसरला.

मावशीनं त्या ओल्या प्लेटा आणि फळ्या दोन्ही हातांत घेतल्या, दुकानाची पायरी चढली आणि दिनकररावांच्या पांढऱ्या गादीवर ठेवल्या.

"पोलिसात जाईन मी," दिनकरराव म्हणाले.

"जावा. जाताना लेबल संगं न्या."

जुनी बॅटरी संध्याकाळी सहाला तिनं स्वतःच बंद केली. तोवर बारा तास झाले होते आणि अजून दम होता. रात्री वीज गेली की तिच्या शेडमधला एकुलता दिवा त्याच बॅटरीवर चालायचा. ती बॅटरी त्याच संध्याकाळी भुजंगदादाच्या सायकलवर बांधून शेळवाडीला आली. आठांपैकी सहाजण पास झालो. रुख्मिणी गणितात राहिली. तिला अजूनही वाटतं, ट्यूब विझलेल्या त्या दिवसांतच तिचं गणित राहिलं. तिचं खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही.

दिनकररावांचं काही झालं नाही. कुणी तक्रार लिहून घेतली नाही, वस्तीला बदली बॅटरी मिळाली नाही. दुकानातल्या तसल्या बॅटऱ्या पुढच्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. त्या दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात विकल्या गेल्या असं ऐकलं. गादीच्या अभ्र्याला मात्र धुतल्यावर भोकं पडली. महिनाभर ती सगळ्यांनी पाहिली, मग त्यांनी अभ्रा बदलला.

ट्रॅक्टरवाले एकेक करून परत आले. आल्यावर "आमाला तवाच म्हायीत व्हतं" असं म्हणायचे, आणि मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणायची, "मंग तवा का गप व्हतास?" बॅटरी ठेवून घ्यायची, पण उत्तर मिळेपर्यंत पावती द्यायची नाही.

तेव्हापासून तिच्या शेडमध्ये आलेली कुठलीही बॅटरी आधी दिव्याला लागते. जितकी भरते तितका आकडा ती पांढऱ्या रंगानं लेबलाच्या डोक्यावर लिहिते. दिनकररावांचा मुलगा आता दुकान बघतो. गिऱ्हाईक तिच्याकडून बॅटरी तपासून आणायला लागलं, म्हणून विकायच्या बॅटऱ्या तोच तिच्याकडे पाठवतो. परत आल्या की आधी ब्लेडच्या पत्तीनं तिचा आकडा खरवडतो आणि 'तपासून आणलीय' म्हणून विकतो.

यंदा दिवाळीत मी गेले तेव्हा तशीच एक खरवडलेली बॅटरी दाराशी पडली होती. गिऱ्हाइकानं तक्रार करून आणून टाकलेली. मावशी उकिडवी बसली होती, डाव्या हातात रंगाचा डबा.

"काय लिहायलीस?" मी विचारलं.

"एक्केचाळीस."

"आन् लेबलावर?"

"साठ," ती म्हणाली, आणि या वेळी आकडा तिनं दुप्पट मोठा काढला.