मुका मिक्सर

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की माझा जीव अजून छावणीतल्या त्या दुपारच्या मांडवात घुटमळतो. भीमजयंती होती. भीमगीतं म्हणणाऱ्या कमलमावशी माईकपुढं उभ्या होत्या आणि माझा साउंडचा मिक्सर मुका झालेला. घामाघूम होऊन मी एकेक वायर उपटत होतो, सोल्डर करून परत खोचत होतो.

"ऱ्हाऊ दे लेका, मी तशीच म्हणते."

"दोनच मिनिटं, मावशी!" मी मान वर न करता ओरडलो.

त्यांनी गाणं सुरू केलं. गाणं संपता संपता माझे उस्ताद रफिकभाई आले. त्यांनी म्यूटचं दाबलेलं बटण सोडवलं. "पैले बटन देखते रे!"

स्पीकरमधून आवाज आला, तो टाळ्यांचा.

पुढच्या जयंतीला मावशी नव्हत्या. लोक अजून त्या गाण्याबद्दल बोलतात. मी मावशींपासून चार हातांवर होतो. मला नुसत्या वायरी आठवतात.