तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस

“तू तपासलं का?” हे माझ्या मित्राचं पालुपद. द्राक्षवाला म्हणाला गोड आहेत, डॉक्टर म्हणाले साखर वाढली, मी म्हणालो आज मंगळवार. सगळ्यांना हाच प्रश्न. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तुम्हीही त्याला टाळत असाल.

ओझरच्या कारखान्यात आम्ही दोघं तपासणी खात्यात होतो. तिथला नियम असा, की एकानं तपासलेला भाग दुसऱ्यानं पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. निवृत्त होताना आम्ही सगळ्यांनी तो नियम कारखान्यातच ठेवला. हा मात्र इंदिरानगरला घरी घेऊन आला.

आकड्यांच्या तो जाती लावायचा. एखाद्या संख्येला ज्या तिच्याहून लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्यांची बेरीज करायची. कमी भरली तर ती न्यून, जास्त भरली तर विपुल, नेमकी तेवढीच आली तर परिपूर्ण. सहाचं बघा: एक, दोन, तीन, बेरीज सहा.

“आपला जुना साहेब विपुल,” तो म्हणायचा. “तुकडे जोडले तर माणसापेक्षा जास्त भरायचे.”

“आणि मी?”

“तू न्यून. लाजू नको, बहुतेक आकडे न्यूनच असतात.”

एकदा त्यानं सोसायटीच्या फळ्यावर ३३५५०३३६ लिहून ठेवलं. दुपारी सेक्रेटरी त्याच्या दारात. “काका, हा प्लंबरचा नंबर ना? लागत नाही.”

ती परिपूर्ण संख्या होती. शोध त्याचा नव्हे. जगाला ती शेकडो वर्षं ठाऊक आहे. मी मोबाइलवर दाखवलं.

“मोबाइलनं तपासलं,” तो म्हणाला. “तू नाय.”

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्यानं सगळं हातानं मांडलं होतं. ती संख्या म्हणजे ४०९६ गुणिले ८१९१, आणि सगळा डोलारा उभा होता ८१९१ वर. त्याला कशानंच भाग जात नाही, एवढं पटलं की झालं. “तिनानं भाग, पाचानं, सातानं, तेरानं, दर वेळी एक उरतो. घरजावयासारखा, हलतच नाय. बाकीचे भागाकार मी केलेत. तू सगळे पुन्हा कर.” असं सांगून तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला.

परत आल्यावर पहिला प्रश्न, “झालं?”

“झालं. बरोबर आहे.”

मी एकही भागाकार केला नव्हता. त्यानं काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि पेढा दिला.

तो गेला. शोकसभेत त्याचा मुलगा म्हणाला, “बाबांचं गणित या काकांनी तपासलंय.” लोकांनी आदरानं पाहिलं. मीही मान लववली, कष्ट घेतलेल्या माणसासारखी.

गेल्या आठवड्यात शेवटी बसलो. एकोणनव्वदपर्यंत भागून पाहावं लागतं, त्यापुढे गरज नाही. सतरानं भाग पूर्ण गेला, म्हणजे त्याचं चुकलं होतं! पुन्हा पाहिलं, हातचा विसरलो होतो. पुढे आणखी एकदा चुकलो. अखेर एकोणनव्वदनं भागून तीन उरले, आणि मी मुलाला फोन केला.

“बाबांचं बरोबर होतं रे. मी आज तपासलं.”

“आज?”

“आज. तेव्हा खोटं बोललो होतो.”

“बाबांना ठाऊक होतं, काका. म्हणायचे, त्यानं खरंच केलं असतं तर कुठंतरी चुकून माझ्याशी भांडायला आला असता. संध्याकाळी बेल वाजली की आईला सांगायचे, चहा टाक, आला बहुतेक.”