वीतभर कॅडिलॅक

पेणच्या खाली, खारेपाटात काळूराम म्हात्र्यांचं घर विचारलंत तर लोक दोन खुणा सांगतात. दारात डंपर उभे दिसले की तेच घर. डंपर कामावर गेले असले, तर ज्या घरातून सखुबाईंचा आवाज येतोय ते घर. दुसरी खूण जास्त खात्रीची.

सखुबाईंचा आवाज चढायला कारण लागतंच असं नाही, पण गेली काही वर्षं एक कारण घरात कायमचं मुक्कामाला होतं. हॉलमधल्या शोकेसमध्ये त्यांनी हौसेने स्टीलचे डबे, काचेचे ग्लास आणि एकवीरा आईचा फोटो मांडला होता. काळूरामनी फोटो तेवढा राहू दिला, बाकीचा संसार हळूहळू माळ्यावर चढवला आणि त्या जागी जुन्या अमेरिकन मोटारी आणून उभ्या केल्या. मोटारी म्हणजे वीतभर लांबीच्या. पण बॉनेट उघडलं की आत इंजिन, इंजिनाला केसाएवढ्या वायरी, दाराला आतून हँडल. पाहुणे तोंडात बोट घालून बघत राहायचे. मग सखुबाई चहा ठेवता ठेवता सांगायच्या, "आमच्या म्हाताऱ्याची खेलनी हायेत ती." पाहुणा हसायचा, आणि काळूराम तंबाखूची डबी शोधायचं निमित्त करून उठून जायचे. डबी खिशातच असायची.

आता या माणसाला हे वेड लागलं कुठून, ते सांगायला हवं. काळूरामनी उभी हयात उरणच्या बंदरातून ट्रेलर चालवला. कंटेनर उचलायचा, पोचवायचा. आत काय आहे याची पंचाईत करायची नाही. पण एकदा मुंबईच्या कुणा हौशी शेठची जुनी कॅडिलॅक बंदरावर उतरली आणि ती पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. एकोणीसशे एकोणसाठची, गुलाबी, घाटात वळवायची झाली तर घाट रुंद करावा लागेल एवढी लांब. मागे माशासारखे दोन उभे पर आणि प्रत्येक परात दोन-दोन लाल दिवे. ती ट्रेलरवर उलटी चढवली होती, त्यामुळे सगळ्या वाटेत काळूरामना आरशात ते पर दिसत होते. रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त बघून ट्रेलर चालवला तो तेवढाच, असं ते अजून शपथेवर सांगतात. शेठच्या बंगल्यावर गाडी उतरवली तेव्हा पोटच्या पोरीची पाठवणी केल्यासारखे ते फाटकापर्यंत वळून वळून बघत गेले.

पुढे गुडघे गेले, ट्रेलर सुटला, आणि मुलाने, जीवनने, डंपरचा धंदा हातात घेतला. बाबा घरी बसून प्रत्येक ड्रायव्हरला फोनवरून गिअर कधी टाकायचा ते सांगायला लागले, तेव्हा त्याने वैतागून मोबाइलवरून त्यांना जोडायच्या मोटारीचा एक प्लास्टिकचा संच मागवून दिला. म्हातारा महिनाभर गप्प बसेल, एवढीच त्याची अपेक्षा. म्हातारा गप्प बसला तो कायमचा. संचातलं सामान त्यांना पसंत पडेना. बंपरला चकाकी हवी म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी सोलून चिकटवली. आधी गोळ्या चुकवणारा माणूस पन्नीसाठी त्या नेमाने घ्यायला लागला आणि डॉक्टर स्वतःच्या औषधावर खूश झाले. मागच्या दिव्यांना सूनबाईंचं नेलपॉलिश लागलं. सूनबाई, म्हणजे प्राप्ती, समजूतदार. ती नवी बाटली आणताना रंग सासऱ्यांना विचारून आणायची.

पनवेलला अशाच वेड्यांचं एक मंडळ होतं. काळूराम तिथे जायला लागले आणि पहिल्याच दिवशी भांडून आले. मंडळातली काही मंडळी मुद्दाम मोटारींना गंज रंगवायची, चिखल उडवायची, म्हणजे त्या वापरातल्या वाटाव्यात. गाडीचा गंज काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा शुद्ध अधर्म वाटला. तेव्हा मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी आपला विभाग निवडला तो ‘कारखान्यातून बाहेर पडली तशी’. नवी कोरी, डाग नाही, ओरखडा नाही.

त्यासाठी त्यांनी वर्षभर खपून गुलाबी कॅडिलॅक केली. मनात एकच होतं. एकदा त्या प्रदर्शनातला बक्षिसाचा कप आणायचा आणि शोकेसच्या डोक्यावर ठेवायचा. खेळण्याला कुणी कप देत नाही, एवढं तरी सखूला कळेल. जगाने काय म्हणावं याची त्यांना फिकीर नव्हती. सखूने एकदा त्याला गाडी म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस डोळे फोडून घेत होता.

प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या रविवारी होतं. दसऱ्याला सकाळी काळूरामनी कॅडिलॅक खोक्यात भरायची म्हणून ओटीवर काढून ठेवली आणि डंपरच्या हारांसाठी झेंडू आणायला ते बाजारात गेले.

दसऱ्याची पूजा हे सखुबाईंचं खातं. चाक असलेली किंवा वायर असलेली एकही वस्तू त्यांच्या हातून सुटत नाही. डंपर, जीवनची मोटार आणि मोटारसायकल, शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. शोकेसच्या वाटेला मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या. खेळण्याची कसली पूजा?

काळूराम झेंडूची पिशवी घेऊन परत आले आणि ओटीच्या पायरीवरच थबकले. कॅडिलॅकच्या गुलाबी बॉनेटवर ओल्या हळदीचा स्वस्तिक होता. काचेवर, छतावर, दोन्ही परांवर कुंकवाची बोटं. चारही चाकांखाली लिंबं. नवी गाडी लिंबावरून काढायची, ही आपली रीत. पण इथे लिंबू चाकापेक्षा मोठं होतं. गाडी चार लिंबांवर पलंगावर निजवल्यासारखी वर चढून बसली होती. ती स्वतःहून लिंबं चिरडत नाही असं बघून सखुबाईंनी वरून तळहाताने दाबलं असावं, कारण दोन लिंबं फुटली होती आणि पुढचा आस वाकून एक चाक समुद्राकडे, एक डोंगराकडे बघत होतं.

काळूरामच्या तोंडात पहिल्या दर्जाची शिवी आली. ट्रेलरवाल्याची शिवी ती, साधी नव्हे. तेवढ्यात सखुबाई नारळ घेऊन बाहेर आल्या.

"नवी गाडी भायेर निंगाली," त्या म्हणाल्या, "ती पूजा केल्याबिगर कशी जाऊ देऊ? वाटंत काय झाला त?"

शिवी जिथल्या तिथे विरली. काळूरामनी झेंडूची पिशवी खाली ठेवली. नारळ गाडीवर नको, पायरीवर फोड, एवढंच ते कसंबसं म्हणाले, आणि डोळे पुसायला घरात गेले. हळद गेली डोळ्यात, असं प्राप्तीला सांगितलं.

आस त्यांनी सरळ केला. चाकं एका दिशेला आणली. पण हळदकुंकवाला बोट लावलं नाही. स्पिरिटची बाटली दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. जीवनने आडून सुचवून पाहिलं, तर त्याला वडिलांच्या नजरेनेच उत्तर मिळालं.

रविवारी सखुबाईही बरोबर निघाल्या, कारण त्यांची बहीण रचना पनवेललाच राहते. पण बहिणीकडे जाण्याआधी त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आल्या आणि टेबलाशी पहारा द्यावा तशा उभ्या राहिल्या. परीक्षक होते अल्पेशभाई, पेशाने दातांचे डॉक्टर. दात बघायचं भिंग डोळ्याला लावून ते कॅडिलॅकभोवती बराच वेळ फिरले. बंपरपाशी थांबले, इंजिनात डोकावले, दिव्यांना मनापासून वाहवा म्हणाले. मग काळूरामना बाजूला घेऊन हळूच म्हणाले की आज टेबलावर याच्या तोडीचं काही नाही, पण विभाग कारखान्यातून निघालेल्या गाडीचा आहे आणि अमेरिकेतल्या कारखान्यातून गाडी कुंकू लावून निघत नाही. वार्निशवरची हळद आहे, स्पिरिटच्या बोळ्याने आत्ता निघेल. बोळा त्यांनी स्वतःच पुढे केला.

काळूरामनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती कुणा बघ्याला गाडीला हात लावू नकोस म्हणून दटावत होती.

"राहू द्या, डॉक्टर," ते म्हणाले. "पूजेतली हाय."

कप एका निळ्या फोर्डला गेला. काळूरामनी टाळ्या वाजवल्या, आणि मनातून वाजवल्या. परतताना जीवनच्या गाडीत ते मागच्या सीटवर खोका मांडीवर घेऊन बसले. आपण बायकोच्या मानासाठी केवढं सोडलं, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता. तिला सांगायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं.

खारपाड्याच्या पुलापर्यंत सखुबाई बहिणीच्या घरचं सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं, तो दातवाला कापूस घेऊन काय सांगत होता? काळूरामनी जरा आढेवेढे घेतले आणि अखेर सगळं सांगून टाकलं. बायको गहिवरेल, निदान पदर तरी डोळ्याला लावेल, अशा तयारीने ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"आनि तुमी पुसला नाय?" सखुबाईंचा आवाज असा चढला की जीवनने ब्रेकवर पाय ठेवला. "अवो, पूजा झाली ती झाली. आपला डंपर दुसऱ्या दिवशी धुतात का नाय? का वरीसभर हलद लावून फिरवता? एवरी चांगली गाडी आपली, त्या निल्या डबड्याला नंबर दिला. मी उभी होती ना तिथं, मना इचारायचा. मी पुसली असती पदरानं."

पेण येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. डॉक्टर, निळी फोर्ड, मंडळ, नवऱ्याची अक्कल, सगळ्यांचा समाचार झाला. एवढी बोलणी काळूरामनी याआधी एकदाच खाल्ली होती, पहिल्या ट्रकचा आरसा फुटला होता तेव्हा. ते ऐकत राहिले आणि गालातल्या गालात हसू दाबत राहिले. तेवढ्यात रस्त्यातल्या खड्ड्याने गाडी उसळली आणि मांडीवरचा खोका कलंडला.

"द्या इकरं," सखुबाईंनी हात पुढे केला. "तुमाला गाडी सांबालता येत नाय."

उभी हयात ट्रेलर चालवलेल्या काळूरामनी मुकाट्याने खोका त्यांच्या मांडीवर दिला.