न झालेल्या मीटिंगचा ठराव

आमच्या विद्यापीठात बाहेरून मूल्यांकन समिती यायची ठरली आणि साहेबांच्या अंगात लोकशाही आली. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. एरवी आम्ही जगतो की मरतो याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसायचं. पण समितीच्या यादीत 'निर्णयप्रक्रियेत कर्मचाऱ्यांचा सहभाग' असा एक मुद्दा होता आणि त्याला पुरावा हवा होता. पुरावा म्हणजे मीटिंगांची इतिवृत्तं. आमच्याकडे तीन वर्षांत धड एक मीटिंग झाली नव्हती.

मग काय, साहेबांनी आठवडाभर बसून तीन वर्षांच्या मीटिंगा लिहून काढल्या. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, चहापानानंतर सभा संपली, सगळं बयाजवार. चहासुद्धा आम्हाला कागदावरच पाजला. रजिस्टर माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी पेपर तपासत होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेब थांबून राहिले, लवकर करून द्या." मी पटापट सह्या ठोकल्या. वाचलं काहीच नाही. वर्गात पोरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून डोकं खाणारी बाई मी.

समिती आमच्या सहभागाचं तोंडभरून कौतुक करून गेली. पंधरा दिवसांत आमच्या विभागाच्या वाचनकक्षातल्या बाईंना पत्र मिळालं. जुन्या शहरातल्या महाल भागातून रोज यायच्या, चौदा वर्षं कंत्राटावर. कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते त्यांना कॉम्प्युटरच्या आधी माहीत असायचं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. दुपारचा डबा आम्ही दोघी रोज बरोबर खायचो. पत्रात लिहिलं होतं की हे पद आवश्यक नाही, असा ठराव कर्मचारी सभेने एकमताने केला आहे. ठराव मांडणारी म्हणून माझं नाव होतं.

मी तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हा ठराव मी मांडलेला नाही.

"तसं लिहून द्या मॅडम," साहेब म्हणाले. "मीटिंग झालीच नाही, तरी मी रजिस्टरवर सही केली, असं लिहा. मी आजच वर पाठवतो." आणि एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला.

नालायक माणूस. बाईंच्या पोटावर पाय द्यायला त्याने माझा हात वापरला, आणि वर मलाच लिहून मागतो. मनातल्या मनात मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण कागद उचलला नाही. निवृत्तीला चार वर्षं होती. चौकशी लागली असती, तर आयुष्यभराची नोकरी मातीत गेली असती. उद्या लिहू, परवा लिहू, असं करत महिना निघून गेला.

शेवटच्या दिवशी बाई वाचनकक्षाच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आल्या. भांडतील म्हणून मी तयारीत होते. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून त्या नेहमीसारख्या समोर बसल्या.

"तुमी काहून मांडलं ते नाही विचारत," त्या म्हणाल्या. "साहेबानं भाग पाडलं असंन. पण मीटिंगमंधी माह्यासाठी कोणी एक शब्दबी नाही बोललं का जी?"

मी म्हटलं, नाही. मीटिंग झालीच नव्हती, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.