डाव्या हातावरचे ठोके

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचतेय आणि स्पष्टच सांगते, बहुतेक वेळा हसायला वाचते. पैंजण वाजले, दार आपोआप उघडलं, मांजर एकटक बघत होतं... अहो, मांजर बघतंच. मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ज्याचा ताळा जुळत नाही ते उत्तर चूक, एवढंच मला कळतं. आणि महाकालाच्या गावात जन्मून भुताखेतांना घाबरायचं, हे मला कधी पटलं नाही. पण गेल्या थंडीत माझ्या बाबतीत जे घडलं, त्याचा ताळा मी चार वेळा करून पाहिला आणि चारही वेळा तो जुळला. म्हणून लिहायला बसले. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

उज्जैनला माधव नगरात आमचं दुमजली घर आहे. खाली दादा-वहिनी, वर मी. मी लग्न केलं नाही. का नाही, हा विषय आमच्या घरात केव्हाच बंद झालाय, तो इथेही उघडत नाही. दादा बँकेतून रिटायर झालेला. त्यांचा मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नणंद-भावजयीत विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, आमच्याकडे मात्र आम्ही दोघी एकीकडे आणि दादा बिचारा एकटा पडायचा.

वहिनीची शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ती म्हणाली, "चालणं म्हाताऱ्यांचं काम आहे, शैलू. आपण पळू." वय वर्षं छप्पन्न आणि बावन्न, अंगात सलवार-कुर्ता, पायात शाळेच्या पी.टी.चे बूट. कोठी रोडवर रोज सकाळी सहाला आम्ही धावायला लागलो. पंधरा दिवसांनी वहिनी थांबून मला म्हणाली, "मला एक सांग, आपण पळून राहिलो की नुसत्या हलून राहिलो?"

हे ऐकून निखिलने दोन घड्याळं पाठवली, हृदयाचे ठोके मोजणारी. कुठल्यातरी सेलमधली जुनी मॉडेलं, दोन्ही सारखी. छातीला एक पट्टा बांधायचा, तो ठोके मोजून हातावरच्या घड्याळाला पाठवतो आणि घड्याळ मिनिटाला किती ते दाखवतं. मला ते फार आवडलं. दम लागला, बरं वाटतंय, पाय जड झाले... या सगळ्या मोघम बोलण्याच्या जागी एक आकडा.

फक्त त्यात एक गोची होती. घड्याळाला आपला पट्टा आणि परका पट्टा यातला फरक कळत नसे. शेजारचीचा पट्टा हातभर अंतरावर आला की ते तिचे ठोके दाखवायला लागे. निखिल फोनवर म्हणाला, "आत्या, चिकटून पळू नका." आता चिकटून पळायचं नाही तर बोलायचं कसं? शेवटी मीच नियम केला. मी डावीकडे पळायचं आणि घड्याळ डाव्या हातात. वहिनीने माझ्या उजवीकडे आणि घड्याळ उजव्या हातात. म्हणजे दोन्ही घड्याळं बाहेरच्या बाजूला. वहिनी बोलण्याच्या भरात विसरून माझ्या डावीकडे यायची, की माझ्या घड्याळात भलताच आकडा. मग मी ओरडायची, "वहिनी, सरक, तुझं माझ्यात येतंय." दिवसातून दोनदा तरी हे व्हायचंच.

तिला चष्म्याशिवाय तो आकडा दिसत नसे. "बघ गं माझं किती," असं ती मलाच विचारायची. त्यामुळे मला तिचे ठोके पाठ झाले होते. पळताना दीडशेच्या आसपास. बोलायला लागली की आठ-दहाने चढायचे. आणि वाटेत एक पारिजातकाचं झाड आहे, तिथे ती पूजेसाठी फुलं वेचायला बसायची. दोन मिनिटं. मी वैतागून जागच्या जागी उड्या मारायची आणि तिचा आकडा शंभरापर्यंत उतरायचा.

आता ती गोष्ट सांगते, जी मी त्या वेळी कुणालाच सांगितली नव्हती.

नवरात्र होतं. वहिनीचे नऊ दिवसांचे उपास. म्हटलं, पळू नकोस, तर म्हणाली, "देवी पण नऊ दिवस लढूनच राहिली होती ना?" पारिजातकाच्या पुढे एक पुलिया आहे, म्हणजे रस्त्याखालून नाला जातो त्यावरचा छोटा कठडा. तिथे माझ्या घड्याळात एकशे शहाण्णव आलं. बघितलं तर वहिनी डावीकडे. मी म्हटलं, "सरक." ती उजवीकडे गेली आणि माझे एकशे एक्केचाळीस परत आले. मला बरं वाटलं. खरंच सांगते, उत्तर बरोबर आल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. तिने विचारलं, "किती आलं होतं गं?" मी म्हणाले, "काही नाही, वेडंवाकडं दाखवतंय."

माझे ठोके माझ्याकडे आले होते. ते एकशे शहाण्णव कुणाचे होते, हा प्रश्न मला पडलाच नाही. सत्तावीस वर्षं मुलांच्या चुका शोधल्या, आणि इतकी साधी गोष्ट...

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता वहिनी आडवी झाली. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पहले कभी धड़कन तेज़ हुई थी? घबराहट, कुछ बताया था?" दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नहीं डॉक्टर साहब, ये दोनों तो रोज़ दौड़ती थीं." मीही नकारार्थी मान हलवली.

दहाव्याला रामघाटावर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, समाधानाने गेली. मी शिप्रेच्या पाण्याकडे बघत उभी होते.

त्यानंतरचं घर कसं होतं ते सांगता येणार नाही. आधी आम्ही तिघं खाली एकत्र जेवायचो. आता दादा म्हणायचा, "मी पोहे खाल्ले." मी म्हणायची, "मला भूक नाही." दोघंही खोटं बोलायचो. वर माझा टीव्ही, खाली त्याचा, आणि दोन्हीकडे एकच बातम्या. पूर्ण दिवसात मी कुणाशी बोलले नाही, असे दिवस मी मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

जानेवारीत पुन्हा पळायला गेले. घरात बसवेना म्हणून. कोठी रोडच्या चहावाल्याने विचारलं, "दीदी, आज भाभीजी नहीं आईं?" मी म्हणाले, "गाँव गई हैं." का म्हणाले कोण जाणे. आमचं कुठलं गाव? पिढ्यान्‌पिढ्या इथेच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पारिजातकापाशी घड्याळाकडे बघितलं तर एकशे चार. मी पळत होते, थांबले नव्हते. दोन मिनिटांनी आकडा हळूहळू चढत एकशे पन्नास झाला. माझा तो आकडाच नाही, मी एकशे चाळीसच्या वर क्वचित जाते. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच झाडापाशी उतरला, तेवढाच वेळ. झाडाला तेव्हा एक फूल नव्हतं.

आता ताळे ऐका. पहिला, मानेवर बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजली. पंधरा सेकंदात पस्तीस, म्हणजे एकशे चाळीस. घड्याळात त्याच क्षणी एकशे तीन. दुसरा, देवास गेटच्या बाजारात जाऊन पट्ट्याची आणि घड्याळाची, दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. काही फरक नाही. तिसरा, वहिनीचा पट्टा खालच्या कपाटात होता, त्याची बॅटरी काढून वाटीत ठेवली. तरी तेच. चौथा सगळ्यात साधा. पळता पळता घड्याळ डाव्या हातातून काढून उजव्या हातात घातलं. एकशे चाळीस. पुन्हा डाव्या हातात. एकशे बावन्न. रस्ता मागेपुढे रिकामा, दूरवर एक दूधवाला.

निखिलला विचारलं, आडून आडून. तो म्हणाला, वरून हाय टेन्शनच्या तारा जात असतील. मी जाऊन बघितलं, तिथे तारा नाहीत. मग म्हणाला, "आत्या, तू एकटी नको पळत जाऊस." तेवढं बोलून त्याची मीटिंग सुरू झाली.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटायचं. मी पावणेसहालाच निघायला लागले. पारिजातकापाशी थांबायला लागले, ती थांबायची तेवढाच वेळ. हळू आवाजात बोलायला लागले... निखिलचं प्रमोशन झालं, दादा नीट जेवत नाही, मोलकरीण सोडून गेली. मी प्रश्न विचारून गप्प बसले की आकडा आठ-दहाने चढायचा. बोलताना चढायचा तसा. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं. बाकी तेवीस तास मी वाट बघायची.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी पुलियापाशी आकडा एकदम एकशे शहाण्णव झाला.

दहा पावलं राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा. मी म्हणाले, "वहिनी, मला कळलं नाही गं." तिसऱ्या दिवशीही एकशे शहाण्णव. मी कठड्यावर बसून मोठ्याने रडले. चहावाला पाणी घेऊन आला, काही न विचारता शेजारी उभा राहिला. मी त्याला म्हणाले, "भाभीजी नहीं रहीं." तो म्हणाला, "मालूम है दीदी. सबको मालूम है."

घरी आले ती थेट खाली गेले. दादा ओट्यापाशी दूध तापवत होता. या घरात मला आता एकच माणूस उरलं होतं, आणि हे ऐकल्यावर तेही राहील की नाही याची खात्री नव्हती. मी उभ्या उभ्या नवरात्रातलं सगळं सांगितलं. तो आकडा, "सरक" म्हणाले ते, तिने विचारलं आणि मी सांगितलं नाही ते. घड्याळात आता काय दिसतं, ते मात्र नाही सांगितलं. तेवढं माझं म्हणून ठेवलं.

दूध उतू गेलं. दादाने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि आत निघून गेला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्या दिवसांत मी पळायलाही गेले नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आला. गुडघ्यांमुळे तो वर्षभरात वर आलेला नव्हता. खुर्चीत बसून धाप कमी होईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "मला पण सांगितलं होतं तिने. त्याच आठवड्यात. म्हणे, धडधड होऊन राहिली. मी पेपर वाचून राहिलो होतो. म्हटलं, उपासाची ॲसिडिटी असेल, ओवा चाव."

मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याने तो हातातच धरला.

"डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं ना, ते यासाठी, शैलू. तिने तुला सांगितलं असेल आणि तू आता बोलशील, ही भीती होती मला."

त्या दिवशी आम्ही खाली एकत्र जेवलो. वरण-भात आणि लिंबाचं लोणचं. फार बोललो नाही, पण दोघांनीही दुसऱ्यांदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी रोडवर गेले. एकशे अडतीस. पारिजातकापाशी एकशे एक्केचाळीस. थांबले, बोलले, गप्प बसून वाट बघितली. थांबल्यावर उतरतो तसा आकडा उतरत गेला, माझाच. पुलियापाशी एकशे त्रेचाळीस. मानेवर बोटं ठेवून मोजलं, तेवढेच. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही फरक आलेला नाही. घड्याळ अगदी बरोबर चालतं. मी अजूनही रोज जाते. रस्ता मात्र आता फार लांब वाटतो.

कारण मला माहीत नाही. इथे कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील तर जरूर सांगा, पण तारांचं नका सांगू, आणि "मनाचे खेळ" तर नकोच. माझं मन उजव्या हाताला एक आणि डाव्या हाताला दुसरा आकडा कसं दाखवेल, ते मला कुणी समजावून दिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात जेवताना मी दादाला हेही सांगून टाकलं. झाडापाशी उतरणारा आकडा, बोललं की चढणारा, सगळं. वाटलं होतं हसेल, किंवा डॉक्टरकडे चल म्हणेल. त्याने घास ताटात ठेवला.

"किती दिवस येत होता?"

"तेवीस," मी म्हणाले.

"आणि आता?"

"आता नाही येत."

त्याने ताटातला घास बोटाने बाजूला सारला. मग म्हणाला, "एक दिवस मला घेऊन जायचं होतंस गं. मला नसतं पळता आलं. रिक्षाने आलो असतो. त्या झाडापाशी नुसता बसलो असतो."

मी त्याच्या ताटात आमटी वाढली. त्याने ती खाल्ली नाही.