ड्रमच्या झांजा

रुआबांधा वस्तीतला माझा शेजारी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून सुटला की कपडे न बदलताच माझ्याकडे यायचा. आम्हा दोघांना एकाच रॉक बँडचं वेड. नव्या अल्बममधलं एक गाणं आधी आलं, ते त्यानं ऐकलंच नाही. "नुसती फोडणी कोन खाते बे?" बँडचा आवाज बदलला असं कुणी म्हटलं, तर भांडायचा.

अल्बम आला त्या संध्याकाळी तो डोळे मिटून स्पीकरला टेकून बसला. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. दुसऱ्या गाण्यात ती थांबली.

"खरंच बदलले बे हे. ड्रमच्या झांजाच काढून टाकल्या यायनं."

झांजा खणखणत होत्या. आतून माझी बायको आवाज कमी करा म्हणून ओरडत होती.

त्यानं घाम पुसायला रुमाल काढला, तशी मिलमध्ये दिलेल्या इअरप्लगची न फोडलेली पुडी खाली पडली. ते तो कधीच घालत नसे. "मशीन कशी चालून राहिली, ते आयकू आलं पाहिजे ना," म्हणायचा.

मी पुडी उचलून दिली.

"जुना अल्बम लाव बरं," तो म्हणाला. "त्याच्यात होत्या झांजा."

जुना अल्बम माझ्या फोनवर समोरच दिसत होता.

"सापडत नाही," मी म्हणालो.