विरघळणाऱ्या पापुद्र्याच्या गावी

जबलपूरला उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की स्टेशनच्या बाहेरचा रस्ताही धड दिसेना. नाशिकची थंडी म्हणजे थंडी, असा माझा आजवरचा तोरा. तो दाराशीच उतरला. शाल, त्यावर स्वेटर, त्यावर कानटोपी, अशा अवतारात मी रिक्षापाशी उभी राहिले.

"अम्माजी, पहली बार आई हैं?" रिक्षावाल्याने विचारलं. मी हो म्हणताच तो म्हणाला, "तो नर्मदा मैया के दर्शन बिना वापस मत जाना."

दर्शनाला काय, जाईन. पण मी आले होते ती माझ्या लेकीला न्यायला. मुग्धा इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि दोन वर्षं ती घरी फिरकलेली नव्हती. फोनवर रोज बोलते, पण फोनला काय करायचंय? त्यात काही तिच्या केसांना तेल लावता येत नाही. "संक्रांतीला पोरीला घेऊनच येते," असं ह्यांना ठणकावून सांगून मी निघाले होते.

राइट टाउनात मुग्धा ज्यांच्याकडे भाड्याने राहते, त्या शैलाताई अंगणात ऊन खात मटार सोलत बसल्या होत्या. मराठ्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी अगदी घरगुती, पण मधूनच हिंदीच्या गल्लीत शिरणारी.

"काहून (म्हणजे कशाला) इतकं सामान आणलं हो ताई? चलो, आधी बसा. हा सिहोऱ्याचा मटार आहे, खाऊन पाहा. मुग्धा गेली लॅबमध्ये. दीदी, पोरगी आजकाल धड जेवूनसुद्धा नाही राहिली!"

मटार खरंच गोड होता. बोलता बोलता मी बचकभर संपवला.

संध्याकाळी मुग्धा आली. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. मला पाहताच तिने गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मग जेवताना तिने आपलं काम समजावलं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या बारीक घटकांची बनतात, तेच घटक ती प्रयोगशाळेत साखळीसारखे जोडते आणि त्यांचा पातळ पापुद्रा करते. पॉलिपेप्टाइडचं पटल म्हणतात त्याला. ऑपरेशननंतर ते आत, जखमेवर ठेवायचं. जखम भरेपर्यंत त्याने टिकायचं, मग शरीरानेच ते पचवून टाकायचं. काढायला पुन्हा चिरफाड नको.

"म्हणजे नाहीसं झालं की पास?"

"हो, पण ठरलेल्या मुदतीत. आता शेवटचीच पट्टी राहिलीये, बशीतल्या पाण्यात. शरीरातल्यासारखं पाचक द्रव्य असतं त्यात. रोज मलाच बदलावं लागतं, म्हणून तर निघता येत नाही. आपल्या गाडीच्या दिवशी मुदत संपते. विरलं तर मी तुझ्याबरोबर येऊन राहिले! नाही विरलं तर मिश्रण बदलून सगळं पहिल्यापासून."

"येऊन राहिले म्हणे! अगदी शैलाताईंसारखी बोलतेस. नाशिकची पोर ना गं तू?" मी तिला चिडवलं, पण काळीज सुपाएवढं झालं.

मधल्या दिवसांत मी एकटीच भटकले. ग्वारीघाटावर गेले. कोवळ्या उन्हात नर्मदेच्या पाण्यावर वाफ तरंगत होती आणि लोक 'नर्मदे हर' म्हणत त्या बर्फासारख्या पाण्यात बुड्या मारत होते. मी पायच बुडवले आणि हात जोडले. जन्मभर देवाकडे काही ना काही मागितलं. असलेलं नाहीसं कर, असं मागणं पहिल्यांदाच मागितलं. येताना खोव्याची जलेबी खाल्ली. इथली जलेबी काळसर, जाडजूड. गरम पाक शालीवर सांडला तो सांडलाच. त्यावर दुकानदार शांतपणे म्हणाला, "आराम से, माताजी, जलेबी कहीं भाग नहीं रही."

निघायच्या दिवशी मुग्धाची बॅग भरून तयार होती. दुपारी ती मलाही लॅबमध्ये घेऊन गेली. तिने उबेच्या पेटीतून काचेची बशी काढली, वरून पाहिलं आणि किंचाळलीच.

"गेलं! आई, गेलं! काही उरलं नाही!"

तिने मला गरागरा फिरवलं, मग नोंद करायला टेबलाकडे धावली. लेकीच्या दोन वर्षांच्या कष्टाचं कौतुक, म्हणून मी ती बशी खिडकीशी नेली. ऊन तिरपं आलं आणि पाण्यात एक बारीक कड चमकली. बशी हलवली तशी कडही हलली. शिजलेला साबुदाणा पाण्यात दिसेनासा होतो, पण असतो ना, तसंच.

देवा, काय वेळ आणलीस! मी तिकडे पाहिलं. पोरगी गुणगुणत होती. बशी खाली ठेव आणि गप्प बस, असं मन म्हणत होतं. रात्री गाडीत ती शेजारी झोपेल, उद्या घरी असेल. कोणाला कळणार आहे? पण हे उद्या कुणाच्या तरी पोटात जायचंय.

"मुग्धा, हे बघ बरं."

तिने चिमट्याने उचललं. अख्खी पट्टी बाहेर आली, लुळी, पाणी निथळणारी. पाणी पिऊन आरपार झाली होती, म्हणून दिसली नव्हती.

"काहून नाही पाहिलं मी नीट?" ती पुटपुटली. "असं कधी होत नाही माझ्याकडून."

"घरी यायची घाई गं. दुसरं काय!"

तेव्हा ती रडली. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

स्टेशनवर ती मला नुसती सोडायला आली होती, लॅबच्याच कपड्यांत. शैलाताईंनी दिलेली मटाराची पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "तू बोलली नसतीस तर मी आज गाडीत असते."

"माहीत आहे."

"राग नाही ना आला?"

"तुझा नाही. त्या पापुद्र्याचा आलाय. मेला हट्टी, अगदी तुझ्यावर गेलाय." ती हसली, आणि गाडी सुटली. बाबांना मी कळवते, असं मी तिला म्हटलं होतं. रस्ताभर फोन हातात होता, पण लावायचा धीर झाला नाही.

भेडाघाटचे संगमरवरी कडे राहिले, धबधबा राहिला. लोक विचारतात, जबलपूरला काय पाहिलंस? मी लेक पाहिली. पोटभर नाही पाहिली.

नाशिकरोडला हे फलाटावर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मी उतरले, त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि दुसरा हात तसाच पुढे धरून ते माझ्यामागे, डब्याच्या दाराकडे बघत राहिले.